किल्ल्याचा दरवान
त्र्याहत्तर साली धरमपेठेतल्या वाचनालयाच्या व्हरांड्यात दर रविवारी जादूच्या कादंबऱ्यांचे वाचक जमत. एकदा एका गाजलेल्या कादंबरीमालेतल्या राणीचा शाप खरा की जादूगाराची थाप, यावर वाद रंगला होता. कौसल्या म्हणाली, “पाच भाग झाले, दरवान किल्ल्याचं दार उघडून राहिला. त्याले नाव काहून नाही?” ग्रंथपाल मार्तंडराव हसले. “दरवानाला कशाला नाव हवं?” बाकीचे पुन्हा शापाकडे वळले. कौसल्याने लेखकालाच पत्र लिहिलं. उत्तर आलं, ‘राहून गेलं खरं. नाव तुम्हीच सुचवा.’ तिने वडिलांचं नाव कळवलं, धोंडबा. ते गिरणीच्या फाटकावर चौकीदार होते. त्यांना वाचता येत नव्हतं. सहावा भाग आला तेव्हा तिने त्यांना धोंडबा दरवानाचं पान वाचून दाखवलं. वडिलांनी नीट ऐकलं आणि विचारलं, “तो उभाच राहते का वं दिवसभर? त्याले बसाले स्टूल द्याले सांग.”