रिकामं आसन

"पुस म्हणतो ना बे! पह्यले ते तोंड पुस!" शेषराव ओसरीवरून गरजले.

निवृत्तीच्या हातात टर्पेंटाइनची चिंधी होती. समोर महिनाभर खपून रंगवलेलं बुद्धाचं चित्र. उद्या सकाळच्या मोटारीनं ते बुलढाण्याच्या प्रदर्शनात जायचं होतं. पहिला नंबर आला तर मुंबईच्या कलाशाळेत पाठवीन, नाही तर मुकाट्यानं डोणगावच्या दुकानावर बसून ज्वारी-तुरी तोलायची, असं बापानं चारचौघांत जाहीर करून ठेवलेलं. पोराचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

झालं होतं असं. बुद्ध म्हणजे विष्णूचा नववा अवतार, एवढं मंजुळाबाईंना पक्कं ठाऊक. त्यामुळं लेकानं चित्र भिंतीला टेकवलं त्या दिवसापासून ही माउली त्याला हळदकुंकू वाही, तुळस ठेवी, एकादशीला केळंसुद्धा. कधी ओला रंग बोटाला लागला, तर तोही कपाळाला लावून मोकळी होई. शेषरावही जाता-येता हात जोडायचे. आणि आज शेजारची कोकिळा विरजण मागायला आली, चित्रापुढं थबकली आणि म्हणाली, "अव माय! हा तं दयाराम हाये!"

दयारामच होता तो. गावाच्या खालच्या अंगाला ज्यांची वस्ती, ज्यांनी काही वर्षांमागं जातीचं जोखड फेकून बौद्ध धर्म घेतला, त्या लोकांतला. निवृत्तीला बुद्धाचा चेहरा काही केल्या जमत नव्हता. प्रत्येक वेळी कॅलेंडरातल्या देवासारखा गुलाबी गुलाबी व्हायचा. मग दयाराम गोठ्यामागच्या लिंबाखाली मांडी घालून बसला, तेव्हा कुठं चित्रात जीव आला. अंगावर माश्या बसल्या तरी गडी हलला नाही. बदल्यात त्यानं एवढंच मागितलं होतं, की प्रदर्शन झालं की चित्र आमच्या नव्या विहाराला द्या. निवृत्तीनं शब्द दिला होता.

"मी त्याच्या पायावर डोकं ठेवलं व माय!" मंजुळाबाई न्हाणीतून ओरडत होत्या. डोक्यावरून पाणी घेणं चाललं होतं.

निवृत्तीनं चित्रातलं तोंड पुसलं.

"धड बी पुस," शेषराव म्हणाले. "धडावरून लोक वळखत नाईत काय?"

"बाबा, मंग उरन काय चित्रात?"

"झाड हाये ना! झाड काय कमी हाये?"

धड गेलं. हात गेले. मांडी गेली. त्या जागी पिवळा रंग फासला. राहिलं ते एक पिंपळाचं झाड, खाली कमळाचं आसन आणि वर, कोणाच्याच डोक्यामागं नसलेलं सोनेरी वलय. शेषरावांनी मान तिरकी करून पाहिलं. "हां! आता कसं साजरं दिसते!" निवृत्ती गोठ्यात जाऊन ढसाढसा रडला.

बुलढाण्याला परीक्षक मुंबईचे होते. दाढी, झोळी, खादीचा लांब झब्बा. त्यांनी पन्नास चित्रं दोन जांभयांत पार केली आणि ह्या चित्रापुढं येऊन जे थांबले ते हलेचनात. मग त्यांचा बांध फुटला. "प्राचीन शिल्पकार बुद्धाची मूर्ती घडवत नसत. झाड दाखवत, आसन दाखवत. तो मात्र नसे! आज आम्ही मुंबईत ज्या शून्यासाठी धडपडतो आहोत, ते शून्य ह्या खेड्यातल्या मुलानं सहज गाठलं!" पहिला नंबर तिथंच जाहीर झाला. पुढच्या रांगेत शेषरावांनी मिशीला असा पीळ भरला, की शून्य जणू त्यांच्याच शेतात पिकतं.

"सांग बाळ," परीक्षकांनी निवृत्तीला पुढं ओढलं. "ही रिकामी जागा तुला सुचली कशी?"

निवृत्तीनं तोंड उघडलं, आणि त्याला दारात दयाराम दिसला. चित्र गुंडाळून न्यायला धुतलेलं पांढरं धोतर काखेत मारून तो मागच्या मोटारीनं आला होता. तो चित्रात स्वतःला शोधत होता. झाडामागं पाहिलं, आसनाखाली पाहिलं. मग त्याची नजर निवृत्तीवर येऊन थांबली.

जाऊ दे मुंबई चुलीत, असं वाटलं निवृत्तीला. "साहेब," तो म्हणाला, "जागा रिकामी नव्हती. इथं मानूस बसेल होता. आमच्या घरच्यानं त्याले उठवलं."

शेषरावांचा हात मिशीवरच राहिला.

"व्वा!" परीक्षक किंचाळले. "काय रूपक आहे! देहाच्या घरातून 'मी'ला उठवणं! अहो, हेच तर निर्वाण!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. आपली अब्रू वाचलीच, वर वाढली, हे ध्यानात येताच शेषराव सगळ्यांत जोरात टाळ्या पिटू लागले. निवृत्ती हार गळ्यात घेऊन तसाच गर्दीतून वाट काढत दाराकडं धावला.

"दयारामभाऊ, चित्र तुमचंच हाये. घेऊन जा. मी तुमाले पुन्हा तिथंच बसवतो, रंगवून देतो!"

दयारामनं काखेतलं धोतर झटकलं आणि शांतपणे खांद्यावर टाकलं.

"नाई भाऊ," तो म्हणाला. "जिथून उठवलं तिथंच पुन्हा बसाचं नाई, म्हनून तं आमी बुद्धाचे झालो."