शब्दशः

"हे वाक्य माझं नाही," अण्णा म्हणाले आणि वृत्तपत्रातल्या स्वतःच्या सदरावर त्यांनी डाव्या हाताने पेन्सिलीची रेघ ओढली.

"हो तर," समोर कागद घेऊन बसलेली पत्नी म्हणाली. "छापलंय अगदी ठसठशीत."

हिला अलीकडे कमी ऐकू येऊ लागले आहे, असे अण्णांनी मनाशी पुन्हा एकदा नोंदवले.

बत्तीस वर्षे दर सोमवारी अण्णांचे सदर प्रसिद्ध होत आले होते. आधी राजकारण, मग वाचलेले पुस्तक, मग स्वतःच्या प्रकृतीची थोडी कुरकुर आणि शेवटी खेळ, असा क्रम ठरलेला. तीन महिन्यांपूर्वी ते रुग्णालयातून परतले, तेव्हा उजव्या हाताची बोटे लेखणी धरीनाशी झाली होती. तेव्हापासून ते सांगत आणि पत्नी लिहून घेई. त्यांची अट एकच होती. शब्दशः. स्वल्पविरामसुद्धा पदरचा घालायचा नाही. देह थकला तर थको. वाणी तेवढी आपली राहावी, याहून अधिक मागणे त्यांनी कोणत्याही देवापाशी मागितले नव्हते.

आणि आता हे. त्यांनी सांगितले होते की नवी करवाढ न्याय्य आहे. छापून आले होते की ती जुलमी आहे. जी कादंबरी त्यांनी पन्नास पानांत मिटून ठेवली, ती सदरातल्या अण्णांनी दोनदा वाचली होती. सामन्यातल्या पंचांना त्यांनी दोष दिला होता. छापील मजकुरात पंचांची पाठराखण होती. विलक्षण गोष्ट अशी की शैली त्यांचीच होती. तोच संथ आरंभ, तोच शेवटचा चिमटा. जणू घरात कोणी तिसरे येऊन बसले होते, आणि त्यांचा आवाज अंगावर पांघरून लिहीत होते.

शेजारचे वकील आले. तीस वर्षे या दोघांचे राजकारणावर एकमत झाले नव्हते. एकदा तर वकील चप्पल विसरून तणतणत घरी गेले होते. पण या तीन महिन्यांत ते येत, बसत आणि मान डोलावत. आज अण्णांनी ठरवून घाव घातला.

"वकीलसाहेब, तुमचा पक्ष म्हणजे लुटारूंची टोळी आहे, आणि तुम्ही तिचे बिनपगारी हुजरे!"

वकिलांनी त्यांचा हात हातात घेतला. "वा! अगदी माझ्या मनातलं बोललात, अण्णा."

अण्णांच्या हातातली पेन्सिल थांबली. वकील उठले, दाराशी पत्नीजवळ क्षणभर रेंगाळले आणि चष्मा पुसत निघून गेले. तो पेला, त्या खुर्च्या, भिंतीवरचे ते घड्याळ, सारे जागच्या जागी होते. तरीही अण्णांना वाटले, की आपण या घरात नाही. आपण परत आलोच नाही. आपल्या जागी कोणीतरी आले आहे आणि सगळे त्याच्याशी आदराने वागत आहेत.

त्यांनी वृत्तपत्र उचलून पत्नीपुढे आपटले. रेघांवर एकेक करून बोट ठेवले. मग ते बोट तिच्याकडे रोखले.

पत्नीने लेखणी खाली ठेवली. तिने त्या बोटाकडे पाहिले.

"कळलं वाटतं तुम्हाला," ती हळूच म्हणाली. "हो, मीच. कादंबरीचं तेवढं माझं मत घातलं. मला आवडली होती हो ती. बाकी सगळं तुम्ही काय म्हणाल, त्या अंदाजानं. एवढी वर्षं ऐकलंय तुमचं. येणार नाही का मला तेवढं?"

"अंदाजानं?" अण्णा कडाडले. "मी पुढ्यात बसून धडधडीत सांगतोय, आणि तू अंदाज करतेस?"

ती आत गेली आणि मोबाइल घेऊन आली. "डॉक्टर म्हणाले होते, रोजचं बोलणं यात भरून ठेवा, पुढं उपचाराला उपयोगी पडेल. तुम्हाला कधीच ऐकवणार नव्हते मी." तिने बटण दाबले.

अण्णांनी कान दिला. तो त्यांचाच आवाज होता. परवा सकाळी करवाढीवर सांगितलेले ते सारे होते. स्वर चढत होता, ठाम विरामाशी थांबत होता. उपरोधाआधीचे बारीक खाकरणेही होते. मुद्दा पटवून दिल्यानंतरचे समाधानी हसू होते.

शब्द मात्र एकही नव्हता. कोणत्याच भाषेतला नव्हता.

ध्वनिमुद्रण संपले. अण्णांनी कोरडे ओठ ओले केले. मग एकेक अक्षर सुटे करीत, जन्मात कधी केला नसेल इतका स्वच्छ उच्चार करीत त्यांनी विचारले, "असं किती दिवस चाललंय?"

पत्नी पुढे झुकली. त्यांचे ओठ, त्यांचे डोळे, थरथरणारा हात तिने जिवाच्या आकांताने न्याहाळला. मग तिचा चेहरा उजळला.

"थंडी वाजतेय होय? थांबा हं," ती म्हणाली, आणि उठून तिने खिडकी लावली.