आधी वास, मग घोट

मास्तरांनी चारही ग्लासांत थोडी थोडी व्हिस्की ओतली आणि हाताची घडी घालून ते बसून राहिले. कुणीच ग्लास तोंडाला लावला नाही. या चौघांचा तसा शिरस्ताच होता. आधी सगळ्यांनी वास घ्यायचा, मग नाकसाहेबाने काय आलं ते सांगायचं, आणि त्याचं सांगून होईपर्यंत बाकीच्यांनी बोलायचंही नाही आणि प्यायचंही नाही. एकाने फुलं म्हटलं की सगळ्यांनाच फुलं येऊ लागतात, असं मास्तरांचं म्हणणं. पहिलीच्या वर्गात त्यांचा जन्म गेला होता. एका पोराने उत्तर फोडलं की सगळा वर्ग तेच ओरडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नाकसाहेब चहाच्या कंपनीत चव पारखायला होता. पांढऱ्या कपांच्या रांगेवरून नाक फिरवत जायचा आणि कुठला चहा चांगला, कुठला टाकाऊ, ते सांगायचा. मध्यंतरी त्याला मोठा ताप येऊन गेला. उद्यापासून तो पुन्हा कामावर जाणार होता.

आजची बाटली सुताराने आणली होती. कपाटावर खूश होऊन एका गिऱ्हाइकाने दिलेली. त्याने ग्लासात नाक घातलं मात्र, त्याच्या भुवया कपाळात चढल्या. नर्सबाईंनी वास घेतला आणि त्या चटकन सुताराकडे बघू लागल्या. दोघांनीही ओठ घट्ट मिटले.

"बोला नाकसाहेब," सुतार म्हणाला. "घशाला कोरड पडली आमच्या."

नाकसाहेबाने ग्लास फिरवला, नाकाशी धरला, डोळे मिटले. सगळं नेहमीसारखं. "संत्र्याची साल," तो म्हणाला. "थोडा मध. आणि मागून..."

त्याने डोळे उघडले. नर्सबाई पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. सुतार छताकडे बघत होता.

"नाहीये ना संत्रं?"

नर्सबाईंनी हळूच नकारार्थी मान हलवली.

"मला कसलाच वास येत नाही," नाकसाहेब म्हणाला. "ताप उतरला तेव्हापासून. चहा नाही, साबण नाही. नुसतं गरम आणि गार कळतं."

"ते आम्हाला मागच्याच खेपेला कळलं," सुतार म्हणाला. "मी व्हार्निशने माखलेला तुझ्या शेजारी बसलो होतो, आणि तू म्हणालास, व्वा, गुलाब!"

"मग तेव्हाच बोलला का नाहीस, गाढवा?"

"तू इतकं छान सांगत होतास, म्हटलं असू दे."

सगळेच हसले, पण ते हसू फार टिकलं नाही.

"उद्या कप मांडतील," नाकसाहेब ग्लासकडे बघत म्हणाला, "आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे राहतील. तिथे गुलाब म्हणून भागायचं नाही."

सुताराला राहवेना. "अरे पण ह्यात तर..."

मास्तरांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू सांगितलेलं त्याच्या कानात जाईल रे. नाकात नाही."

त्यांनी तांब्यातलं पाणी चमच्यात घेतलं आणि नाकसाहेबाच्या ग्लासात थेंब थेंब सोडलं. "पाणी पडलं की ही जरा मोकळी होते. आता ऐक. ओळखायला जाऊ नकोस. ओळखायची घाई झाली की मूल पाटीकडे बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघतं. ओठ किंचित उघडे ठेव आणि नुसता श्वास घे. आलं तर आलं."

त्याने श्वास घेतला. मान हलवली. पुन्हा घेतला, पुन्हा मान हलवली. बाहेर कुणाचा तरी चेंडू भिंतीवर आपटत होता. सुताराची चुळबुळ सुरू झाली. मास्तर मात्र निवांत होते. ज्यांना एक अक्षर यायला अख्खा पावसाळा लागतो अशा पोरांपाशी ते बसलेले होते.

नाकसाहेबाने आणखी एकदा श्वास घेतला. मग कपाळाला आठी घालून त्याने ग्लास खाली ठेवला आणि मान स्वयंपाकघराकडे वळवली.

"सिस्टर, जरा बघता का हो? गॅसवर काहीतरी राहिलंय. करपतंय."

नर्सबाई लगबगीने आत गेल्या. परत आल्या त्या दारातच थांबल्या.

"गॅस बंद आहे," त्या अगदी हळू म्हणाल्या. "शेगडी गार आहे."

"असं कसं? चांगलं जळकं..."

तो बोलायचा थांबला. तिघेही त्याच्याकडे बघत होते, आणि सुताराचे डोळे भरून आले होते. नाकसाहेबाने तिघांकडे पाहिलं, मग समोरच्या ग्लासकडे पाहिलं. खोल विहिरीत वाकून बघावं तसा तो जपून ग्लासवर वाकला.

"धूर," तो म्हणाला.

त्याने पुन्हा सावकाश श्वास आत ओढला.

"ओली लाकडं पेटवल्यासारखा. आणि त्याच्या पलीकडे... दवाखाना. सिस्टर, जखमेवर ते तपकिरी औषध लावता ना तुम्ही, ते."

नर्सबाईंनी तोंडावर हात धरला आणि जोरजोरात मान डोलावली.

एरवी मास्तरांनी इथे सांगितलं असतं की काही ठिकाणी व्हिस्कीचे जव धुरावर वाळवतात, आणि तो धूर पुढे वर्षानुवर्षं पिंपात मुरून थेट बाटलीपर्यंत येतो. आज ते काहीच शिकवेनात. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

"फार बारीक आहे," नाकसाहेब कुजबुजला. त्याने ग्लासभोवती दोन्ही तळव्यांचा आडोसा केला होता. "ते दार लावा कुणीतरी. जाईल."

सुतार उठला, चपला काढून चवड्यांवर चालत दारापाशी गेला, आणि पाळण्यातलं मूल नुकतंच निजल्यावर लावतात तसं त्याने ते लावून घेतलं.