बाहेरच्या बाहेर

गेटच्या रजिस्टरात पुन्हा तीन डब्यांचा पत्ता नव्हता. नवाबभाईंनी बोटानं ओळी मोजल्या, चष्मा पुसला, परत मोजल्या. बाहेर गेले अकरा, आत आले आठ.

"झिंगू, तीन डबे कुठी गेले?"

गेटवरचा झिंगू तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत म्हणाला, "मले का माहीत भाऊ? करुणाबाईले विचारा."

हेच ते. हल्ली काहीही विचारलं की करुणाबाईले विचारा. मॅनेजर कोण आहे, हेच लोक विसरले होते.

राजुरा रोडवरच्या त्या कंटेनर डेपोत नवाबभाई नऊ वर्षं मॅनेजर होते. कारखान्यांत माल उतरवून रिकामे झालेले कंटेनर, म्हणजे इथल्या भाषेत डबे, डेपोत परत येत. नवाबभाई प्रत्येक डब्यात स्वतः शिरत, दार लावून घेत आणि अंधारात उभे राहून बघत, कुठून उजेड येतो का. उजेड दिसला म्हणजे छिद्र, आणि छिद्र म्हणजे तांदूळ भिजलाच. त्यांच्या डोळ्याखालून गेल्याशिवाय एकही डबा मूल गावच्या राईस मिलकडे तांदूळ भरायला जात नसे. नऊ वर्षांत एक पोतं भिजलं नव्हतं, याचा त्यांना भारी अभिमान.

नागपूरच्या हेड ऑफिसला त्या अभिमानाशी काही देणंघेणं नव्हतं. २००१ च्या जानेवारीत पत्र आलं. ट्रेलरचा खर्च फार आहे, सहा महिन्यांत उतरवा, नाहीतर मॅनेजर बदलू. नवाबभाईंची झोप उडाली. चौपन्नाव्या वर्षी त्यांना दुसरीकडे कोण उभं करणार होतं? उत्तर सुचेना, तेव्हा त्यांनी पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं आणि वरून कुलूप लावलं.

त्या आठवड्यात करुणानं काहीतरी सुचवायला तोंड उघडलं होतं. करुणा खोब्रागडे डेपोची कारकून. तिचे वडील इथंच क्रेन चालवायचे. ते गेले तेव्हा नवाबभाईंनीच धडपड करून तिला चिकटवलं होतं. "डबा पह्यले माह्या डोळ्याखालून जाईन. बाकी शहाणपण शिकवू नको," नवाबभाई म्हणाले. ती गप्प झाली, ती कायमचीच.

आणि मग डबे कमी यायला लागले.

एकदा दाराआडून त्यांनी तिचं ट्रेलर ड्रायव्हर लटारूशी चाललेलं फोनवरचं बोलणं ऐकलं. "इथी आनू नको लटारूभाऊ. तिकडूनच जा. आन् नवाबभाऊले सांगू नको." नवाबभाईंचे कान तापले.

शुक्रवारी तर ती स्वतः पोस्टात जाई. नवाबभाईंची जुम्म्याच्या नमाजाची घाई असायची. एक पाय चपलेत घालून ते टेबलावरच्या गठ्ठ्यावर सह्या मारत, आणि ते फाटकाबाहेर पडतात न पडतात तोच ती लिफाफा घेऊन निघे. डेपोला शिपाई असताना बाईनं उन्हातान्हात पोस्टात कशाला जावं?

एका शनिवारी दुपारी त्यांनी लूना काढली आणि लटारूच्या ट्रेलरमागे लागले. ट्रेलर कारखान्यात रिकामा झाला. डेपोकडे वळायचं सोडून तो मूल रोडला लागला, जंगलखात्याचा नाका ओलांडून दोन्हीकडच्या सागाच्या झाडीत शिरला. तिथंच लूनाचं पेट्रोल संपलं. चार किलोमीटर लूना ढकलताना नवाबभाईंना सगळा उलगडा झाला. चोरटा साग! बंद डबा नाक्यावर उघडतो कोण?

ज्या पोरीला आपल्या हातानं नोकरी दिली, तीच खड्डा खणत होती. त्यांना रागापेक्षा वाईट जास्त वाटलं.

"काऊन वं करुणा, माह्यापासून काही लपवून राह्यली का?"

"नाई भाऊ. तुमचंच काम करून राह्यली." तिनं मान वर केली नाही. किती सराईत झाली आहे, नवाबभाईंच्या मनात आलं.

जुलैत नागपूरहून देशकरसाहेब न कळवता जीपनं आले. नवाबभाईंनी त्यांना खुर्चीत टेकूही दिलं नाही. करुणाला समोर बोलावलं आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं.

साहेब शांतपणे ऐकत होते. "म्हणजे डबे बाहेरच्या बाहेर जातात, यात तुमचा हात नाही?"

"अल्लाची कसम साहेब, मले काहीच माहीत नाई."

"लिहून द्याल?"

"आत्ता देतो."

नवाबभाई लिहायला बसले. करुणा एकदम पुढं आली. तिचा आवाज फाटला. "भाऊ, नका लिहू. पाया पडते तुमच्या."

चोराच्या मनात चांदणं, म्हणत नवाबभाईंनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. आज घाई नव्हती. त्यांनी मजकूर दोनदा वाचला आणि खाली ठसठशीत सही केली.

साहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. मग बॅगेतून पत्रांची चळत काढली. सगळी डेपोच्या लेटरहेडवर. पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, 'रिकामा डबा परत डेपोत न आणता कारखान्यातच तपासून थेट राईस मिलला पाठवावा, म्हणजे ट्रेलरची रिकामी फेरी वाचेल, अशी माझी योजना आहे.' दर शुक्रवारच्या तारखेचं एक पत्र, आणि प्रत्येकाखाली नवाबभाईंची सही.

"खर्च एक तृतीयांश उतरला," साहेब म्हणाले. "मला वाटलं, हे डोकं तुमचं."

नवाबभाईंनी करुणाकडं पाहिलं. ती पदरानं डोळे पुसत होती.

साहेबांनी बॅगेतून आणखी एक कागद काढला. नवाबभाईंना नागपूरच्या मोठ्या डेपोचा मॅनेजर नेमल्याची ऑर्डर होती ती. त्यांनी पेन उघडलं, नावावर सरळ एक रेघ मारली आणि विचारलं,

"बाई, तुमचं पूर्ण नाव?"