शून्य ते शंभर

"पप्पा, ही गाडी शून्य ते शंभर किती सेकंदात जाता?"

विचारलं मेल्विनाने, पण प्रश्न वर्गातल्या रिया आणि संचिताचा होता. विजेची गाडी म्हणजे जत्रेतलं खेळणं, असं त्या म्हणाल्या होत्या. 'हिंमत आसा तर इचार बापाशीक.' आठवीपर्यंत जिचा आवाज मागच्या बाकावर पोचत नसे, ती मेल्विना दहावीत आल्यापासून कुणाची पैज खाली पडू देत नव्हती.

कॉस्मे हसला. "माका काय ठावक? तूच मोज."

कुडाळ मागे पडलं होतं, चौपदरी रस्ता मोकळा होता. त्याने गाडी कडेला थांबवली आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला. ना आवाज, ना धूर. पाठ सीटला चिकटली.

"अकरा पॉइंट चार," मेल्विना ओरडली.

"हळू रे," मागच्या सीटवरून तिची आई इनासिया म्हणाली. "मयताक जातव, लग्नाक नाय."

इनासियाच्या मांडीवर इस्त्री केलेला पांढरा रुमाल होता. काणकोणला तिची मादीन वारली होती. बाप्तिस्म्याला जिने तिला हातांवर धरलं, ती धर्ममाता. पेटी बंद करण्याआधी मादिनीच्या तोंडावर रुमाल घालायचा तो इनासियानेच, असा त्या घरचा रिवाज. रुमालही मादिनीनेच विणलेल्या काठाचा, बाप्तिस्म्याला दिलेला. साडेतीनला चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना, मग दफन.

मेल्विनाने आकडा मैत्रिणींना पाठवला. रियाचं उत्तर आलं. 'इतकाच? आमच्या काकांची डिझेल नवात जाता.'

मेल्विनाने पप्पांना पुन्हा थांबवलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी दहा पॉइंट एक आले; रस्ता उताराचा होता, हे तिने मैत्रिणींना कळवलं नाही. कॉस्मेलाही चव लागली. मुलगी शेजारी बसून इतकं बोलते आहे, असं किती दिवसांनी घडत होतं. बांद्यापर्यंत गाडी एकशेदहाच्या खाली आली नाही.

"चार्ज पुरतला मां?" इनासियाने विचारलं.

"निघताना दोनशे साठ किलोमीटर दाखवल्यान गो. काणकोण एकशे ऐंशी. येताना मडगावात भरूया."

ते दोनशे साठ गाडीने मालवणातल्या रोजच्या फिरण्यावरून धरलेले होते. बाजार, शाळा, चर्च, चाळीसची चाल. हायवे तिने अजून पाहिलाच नव्हता. म्हापशाला स्क्रीनवर सत्तर उरले आणि रस्ता पंच्याऐंशी.

एसी बंद झाला, काचा खाली झाल्या. चिऱ्यांच्या एका ट्रकमागून ते पन्नासने सरकत राहिले. मेल्विना उतरते आकडे मोठ्याने वाचत होती. मग मनातल्या मनात वाचू लागली.

मडगावच्या चार्जरला आधीच एक गाडी लागलेली, मालक जेवायला गेलेला. तो दात कोरत आला तेव्हा तीन वाजून गेले होते. मग यांची वायर लागली. सहा टक्के. बऱ्याच वेळाने सात.

इनासियाने फोन लावला. "जराशी वाट बघा गो. रुमाल माझ्याकडे आसा." पलीकडचं ऐकत ती नुसती मान हलवत राहिली. मग फोन ठेवून म्हणाली, "पाद्रीक पाचाक दुसरीकडे जावचा आसा."

मेल्विनाला कुणीच रागावलं नाही. कॉस्मे एकदा एवढंच म्हणाला, "पाय माजोच होतो." त्यापेक्षा कानाखाली दिली असती तर बरं, असं तिला वाटलं.

ते पोचले तेव्हा माती सारखी करणं चाललं होतं. शेजारच्या सुनेने आपला रुमाल घातला होता. इनासिया ओल्या मातीसमोर उभी राहिली, मग हातातली घडी न मोडता तशीच पर्समध्ये ठेवली.

"मादीन रोज इचारी म्हणे, मालवणसून कोण इला काय," ती म्हणाली. "सात वर्सां झाली माका येवन."

परतीला मडगावात पुन्हा वायर लागली. तिघं गाडीतच बसून राहिली. मोबाइल वाजला. 'मगे शेवटाक किती सेकंद?' मेल्विनाने तो पालथा घातला.

बत्तीस टक्के. तेहतीस.

"मम्मी, माजी मादीन अजून देवगडातच ऱ्हवता मां?"

"ऱ्हवता. दर नाताळाक तुका इचारता."

चौतीस.

"येत्या आयताराक मी तिच्याकडे जातलंय," मेल्विना आईबापांना म्हणाली. "सकाळच्या एसटीन."