तिसऱ्या हाकेची वाट

"देवराव भाऊ!"

बराकीच्या आतून बाईमाणसाची हाक आली आणि बाहेरची मंडळी जागच्या जागी थिजली. दहा-बारा जण होते. आतापर्यंत चिवडा खात खिदळत होते, भुताला शिट्ट्या मारून बोलावत होते. भूत पाहायचं म्हणून नागपुरातून सावनेर रोडवर एवढ्या लांब आले, आणि एक आवाज काय ऐकला, एकमेकांच्या पाठीमागं लपायला लागले.

दर रविवारी मिनल अशी हौशी मंडळी घेऊन यायची. बराकीचा चौकीदार देवराव त्यांना गोष्ट सांगायचा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी प्लेग आला, तेव्हा साहेबाची माणसं गावोगावचे रोगी बैलगाडीत घालून इथं आणायची आणि बाहेरून कडी लावायची. आत गेलेलं माणूस परत आलं असं फारसं झालं नाही. त्यातलीच एक बाई अजून तिन्हीसांजेला हाक मारते.

"ओ नाही द्याची," देवराव बोट नाचवत सांगायचा. "पहिल्या हाकेले नाही, दुसऱ्या हाकेलेही नाही. जितं माणूस तिसऱ्यांदा हाक मारते. मेलेलं दोनदाच मारते. चुकून ओ देली, का सकाळी तुमचं मढं उचलाचं." त्याचा बापही इथंच चौकीदार होता. त्यानंच हे देवरावाच्या डोक्यात लहानपणी ठोकून बसवलं होतं.

एक गोष्ट मात्र देवराव कोणाला सांगायचा नाही. ती हाक त्याला, एकट्यालाच, खरंच ऐकू यायची. पाच वर्षं झाली, रोज दिवे लागायच्या वेळेला, दोनदा. त्यानं एकदाही ओ दिली नव्हती. कानात बोटं घालून, हनुमंताचं नाव घेत बसून राहायचा. पण उद्या बराक पडणार होती. रस्ता रुंद व्हायचा होता, बुलडोझर कडुनिंबाखाली येऊनही उभा राहिला होता. ओ द्यायची तर आजच, नाहीतर मग कधीच नाही. दिली तर जीव जाणार, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

"एक नंबर, काका!" मिनल त्याच्या कानाशी कुजबुजली. "शेवटचा दिवस म्हणून स्पीकर लावला वाटते आत?"

देवराव गर्रकन तिच्याकडे वळला. "तुलेही आलं ऐकू?"

"मले काहून नाही येणार? सगळ्यांनीच ऐकलं नं."

"मी काही लावलं नाही वं, पोरी. तू आधी माणसं मोज तुझी."

मिनलनं मोजली. पुन्हा मोजली. सगळी बाहेर होती. दाराला बाहेरून हे भलंमोठं कुलूप, आणि किल्ली देवरावाच्या कमरेला. मिनलचं हसू हळूहळू मावळलं. दोन वर्षं तिनं ही गोष्ट मीठमसाला लावून लोकांना विकली होती, पण तिचा स्वतःचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

"देवराव भाऊ गा..."

दुसरी हाक पहिलीपेक्षा बारीक होती. शेवटचा शब्द अर्ध्यातच विरला. मग काही नाही. कडुनिंबावर कावळे होते, तेही गप्प. मंडळी श्वास रोखून तिसऱ्या हाकेची वाट पाहत राहिली. एक मिनिट गेलं, दोन गेली.

"तिसरी नाही आली," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. झालं! त्या एका वाक्यासरशी सगळे गाड्यांकडे पळत सुटले. एकीची चप्पल तिथंच राहिली. चिवड्याचा पुडा पायाखाली तुडवला गेला.

देवराव मात्र उलटा दाराकडे निघाला. कुलपात किल्ली बसेना, दोनदा हातातून पडली. अखेर कुलूप निघालं. त्यानं दार ढकललं आणि घसा फाटेस्तोवर ओरडला, "ओ! आलो, बाई, आलो!"

मिनल धावत आली आणि तिनं त्याचा दंड धरला. भीतीनं तिला रडू फुटलं होतं. "काका, वेडे झाले का तुम्ही? प्लेगच्या बाईले ओ देऊन राहिले?"

"प्लेगची नाही वं थे. काटोलची पंचफुलाबाई आहे."

"कोण पंचफुलाबाई?"

"कोरोनाची दुसरी लाट आली, तवा हे बराक पुन्हा उघडली होती. पंचफुलाबाईले इथंच ठेवलं होतं, त्या दिवशी एकटीच होती आत. सिस्टर जाताना सांगून गेली, बाई गाढ झोपली आहे म्हणून. मी इथं, या दारापाशी बसलो होतो. हाच टाइम होता. आतून दोन हाका आल्या. मले वाटलं, बाई तं झोपली आहे, हे प्लेगवालीच असंन. तिसऱ्या हाकेची वाट पाहत मी सकाळवरी बसून राहिलो."

मिनलच्या हाताची पकड घट्ट झाली. "मग बरोबरच केलं नं, काका. तिसरी हाक आलीच नाही. मेलेलंच माणूस होतं."

देवरावानं तिचा हात हलकेच सोडवला आणि उंबऱ्याच्या आत पाय टाकला.

"जिती होती वं, पोरी," तो म्हणाला. "दोनच हाकांपुरता दम उरला होता तिच्यात."