घरची हळद

यंत्राचा निळा दिवा रोहिणीच्या सुजलेल्या मनगटावरून फिरला आणि हाडांत मुरलेला धातू पडद्यावर उमटला. शिसं. लग्नाच्या वर्षापासून साठत आलेलं.

"शरीर स्वतःलाच वैरी समजतंय, त्याची ठिणगी इथेच पडली असावी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "यंत्राने मागही काढलाय. हळद. पिवळीधमक दिसावी म्हणून काही व्यापारी पॉलिश करताना रंग चढवतात, त्यातलं शिसं."

"छे! सासरी मी माझ्या वडिलांच्याच पेढीची हळद वापरते. दुसरी उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही," रोहिणी फणकारली. तिने शेजारी बसलेल्या विलासअण्णांचा हात ओढून दिव्याखाली धरला. "हे बघा, अण्णा तर जन्मभर हीच खातायत."

अण्णांना हात काढून घ्यायचा होता. पण लेकीच्या दुखऱ्या बोटांना हिसका बसला असता.

पडद्यावर अक्षरं आली : हाडं स्वच्छ.

"बघितलंत?" रोहिणीचा चेहरा खुलला. "उगाच माझ्या अण्णांच्या मालाला नावं ठेवता!"

डॉक्टरबाई अण्णांकडे नुसत्या बघत राहिल्या. तीस वर्षं पेठेत ताठ मानेने वावरलेल्या अण्णांना वर बघवेना.

"घरच्यासाठी मी वेगळी दळून आणायचो, बाळ," ते कसेबसे म्हणाले. "बिनरंगाची."

रोहिणीने त्यांचा हात सोडायला बघितलं. पण तिची आखडलेली बोटं लवकर उघडेनात.